मधली सोळा पानं

"ताई, तुमच्या कादंबरीतली शेळी गाभण हाय का?"

मी तेव्हा एका आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा आवळत होते. विचारणारा बाहेरच्या बाकावर बसला होता. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन, जेवून परत आलेला, आणि साखरेच्या दुसऱ्या तपासणीची वेळ होईपर्यंत बसून राहणं भाग असलेला. अशा लोकांसाठीच मी काउंटरवर माझ्या कादंबरीची एक प्रत ठेवली होती. लॅबमध्ये बसलेल्या माणसाला उठून कुठे जाता येत नाही. त्याच्याइतका चांगला वाचक आपल्याला मिळायचा नाही, असं मला वाटायचं.

"माझ्या कादंबरीत शेळी नाही हो," मी आतून म्हणाले.

"हाय ना! शेवटच्या महिन्यात तिले चारा कोनता द्याचा, पानी कसं द्याचं, सारं लिवलं हाय. चांगलं लिवलं तुमी."

मी आजोबांचं रक्त घेतलं, हातावर कापूस दाबला, "धरून ठेवा" म्हटलं आणि बाहेर आले. त्या माणसानं पुस्तक माझ्यापुढे धरलं. डाव्या पानावर माझी नायिका लहान मुलीचा हात धरून एसटी स्टँडवर उभी होती आणि शेवटच्या गाडीची वाट पाहत होती. उजव्या पानावर ठळक अक्षरांत मथळा होता, 'गाभण शेळीची निगा'. खाली चित्र. शेळी चांगली गुबगुबीत काढली होती.

मी पुढची पानं उलटली. गोठा कसा असावा. जंत झाल्याची लक्षणं. लसी कधी टोचाव्यात. सोळा पानं नुसत्या शेळ्या, आणि त्या संपल्यावर एकदम माझी नायिका भाड्याच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली. स्टँडवरून ती तिथे कशी पोचली, मधे तिच्यावर काय गुदरलं, ते सगळं गायब. अख्ख्या कादंबरीत मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला आणि खोडलेला भाग तोच होता.

आतून आजोबांनी विचारलं, "बाई, कापूस सोडू का आता?"

मी कारंजात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. गावात मला लेखिका म्हणून कोणी ओळखत नाही, रक्तवाली ताई म्हणून ओळखतात. ही कादंबरी मी किती वर्षं लिहीत होते ते माझं मलाच सांगता येत नाही. मुलगा शाळेत होता तेव्हा सुरू केली आणि तो इंजिनिअरिंगला गेला तेव्हा संपली. मग प्रकाशकांकडे पाठवली. काहींनी उत्तर दिलं नाही. एकानं फार गोड पत्र पाठवलं, पण त्यात नायकाचं नाव बदला असं सुचवलं होतं, आणि माझ्या कादंबरीत नायकच नाही. शेवटी माझा नवराच म्हणाला, "कायले लोकाच्या मागं लागतं? आपनच छापू."

त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात, तो त्यांना नवी तार भरून देतो. पुस्तक वगैरे तो वाचत नाही, पण बाहेरगावचा छापखाना त्यानंच शोधला, आणि गठ्ठे आले तेव्हा ते ठेवायला दुकानातली अर्धी मांडणी त्यानंच रिकामी करून दिली. त्यामुळे माझ्या सगळ्या पुस्तकांना मोटारीच्या तारेला लावायच्या वॉर्निशचा वास लागला. नवं पुस्तक उघडून लोक वास घेतात ना, तसं कुणी केलं की लगेच विचारायचं, "हे काय ताई, मोटार जळाल्यासारखा वास येऊन राह्यला?"

आपलं पुस्तक आपणच छापलं की काय काय होतं, ते आधी कुणी सांगत नाही. स्टँडसमोरच्या पुस्तकांच्या दुकानदारानं पाच प्रती ठेवून घेतल्या आणि त्या दहावीच्या गाइडांच्या मागे अशा रचल्या की मलाही शोधाव्या लागल्या. एका बाईनं चाळून विचारलं, "कोनत्या वर्गाले लागली ही?" मुखपृष्ठावर मी शेतातली बाई सांगितली होती, चित्रकारानं नथ घातलेली नवरी काढून पाठवली. नातेवाइकांचं तर एकच, आम्हाला सही करून दे. सही म्हणजे फुकट. मी सही करत गेले.

प्रकाशन वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये झालं. पाहुणे उशिरा आले आणि स्वतःच्या तरुणपणाबद्दल बोलले. ते बोलत असताना माझी जाऊ मागे चहाचे कप मोजत होती, आणि मी समोर बसलेल्यांकडे पाहून आनंदानं वेडी झाले होते. कार्यक्रम संपल्यावर मी पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रती हाताला येईल त्याला वाटल्या. शेजारी, नवऱ्याची गिऱ्हाइकं, बाजार समितीतले एक अडते, माझी नणंद आणि तिचे यजमान, मानोऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक. या सरांना तर मी वाकून नमस्कार करून दिली, कारण दोन आठवड्यांनी रविवारी मानोऱ्याच्या एका छोट्या कार्यक्रमात ते माझ्या कादंबरीवर बोलणार होते. माझ्या लिहिण्यावर कुणीतरी उभं राहून बोलणार, हे आयुष्यात पहिल्यांदा घडणार होतं.

आणि आता बाकावर शेळी.

त्या माणसाकडून मी पुस्तक घेतलं. तो देईना. "थांबा ना, जंताचं वाचू द्या," म्हणाला. मी त्याला वर्तमानपत्र दिलं आणि छापखान्याला फोन लावला.

छापखान्याचे मालक आधी मानायलाच तयार नव्हते. "ताई, आमच्याकडे असं होत नाही." मी म्हटलं, "मी तुम्हाला शेळीचं चित्र पाठवते." पाठवलं. मग त्यांचाच फोन आला, आवाज एकदम खाली. "त्याचं असं झालं ताई, आमच्याकडे एका संस्थेची शेळीपालनाची पुस्तिका चालू होती त्याच वेळी. साइज तोच, कागद तोच."

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, त्याच्या घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. माझ्या पुस्तकाचे फर्मे टेबलावर ओळीनं मांडले होते, आणि रचता रचता एक ढिगारा संपला तेव्हा कुणीतरी शेजारचा उचलून तिथे ठेवला. चूक लक्षात आल्यावर शेळ्या काढल्याही, पण तोवर काही पुस्तकं शिवून झाली होती.

"किती?" मी विचारलं.

"जास्त नसतील ताई. तुम्ही खराब प्रती पाठवा, बदलून देतो. आमच्याकडून झालं, आम्ही नीट करून देऊ."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी करून बसले होते, ती तशीच राहिली.

संध्याकाळी लॅबमधून सुटले ती थेट नवऱ्याच्या दुकानात गेले. शटर अर्धं ओढून आम्ही दोघं खाली बसलो आणि एकेक गठ्ठा सोडून एकेक पुस्तक मधे उघडून पाहिलं. तो पान शोधायचा आणि "स्टँड", "भावजय" असं ओरडायचा. स्टँडनंतर नायिकेची भावजय आली की पुस्तक चांगलं. दुसरा गठ्ठा चांगला. तिसरा चांगला. सगळे गठ्ठे चांगले निघाले. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. म्हणजे खराब प्रती फक्त पहिल्या गठ्ठ्यात होत्या, आणि पहिला गठ्ठा तर मी वाटून मोकळी झाले होते.

"सरच्या पुस्तकात शेळ्या असल्या तं?" मी म्हटलं.

"तं सर शेळ्यावर बोलतीन," नवरा म्हणाला. मग माझं तोंड पाहून त्यानं हात पुसले. "चाल, उद्यापासून फिरू. मोटारसायकल हाय ना."

पहिल्यांदा गेलो शेजारच्या गल्लीतल्या काकूंकडे. दार उघडून मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "काय वं, माह्या रिपोर्टात काही निंघालं काय?" मी म्हटलं, "नाही काकू, पुस्तक पाहायला आले." तोवर त्यांनी बाही वर करून खुर्चीत बसकण मारली होती. पुस्तक शोकेसमध्ये होतं. वर प्रकाशनाच्या दिवशीचा चमकीचा कागद तसाच, गाठसुद्धा सुटली नव्हती. मी कागद हळूच सोडून मधलं पान पाहिलं. शेळ्या. दुसरी प्रत बांधून ठेवली. काकू म्हणाल्या, "कागद मात्र तसाच लाव बाई. चांगला दिसते तिथं."

बाजार समितीतले अडते गादीवर बसले होते. सोयाबीनची आवक चालू होती, बाहेर ट्रॅक्टरांची रांग. मला पाहून ते उठले. "अप्रतिम लिहिलंय! डोळ्यात पाणी आलं." मी पुस्तक मागितलं. नव्या पुस्तकाच्या कापलेल्या कडा एकमेकींना धरून असतात, एकदा वाचलं की सुटतात. त्यांच्या पुस्तकाच्या कडा घट्ट होत्या. मी बोटानं सोडवल्या. आत स्टँडनंतर भावजय होती, पुस्तक चांगलं होतं. मी मनापासून आभार मानून परत दिलं. त्यांना वाटलं मी स्तुतीबद्दल आभार मानते आहे.

एका घरचं पुस्तक मुलीनं पुण्याला नेलं होतं. तिनं फोनवर फोटो पाठवला. चांगलं. एका घरी सापडेचना, तासभर शोधल्यावर ते गादीखाली निघालं, इस्त्री केलेल्या शर्टांच्या वर, शर्ट सपाट राहावेत म्हणून. शेळ्या. बदललं. एका मास्तरीणबाईंनी मला चहा पाजला, पोहे केले, आणि शेवटी सांगितलं की पुस्तक त्यांनी एका लग्नात आहेर म्हणून दिलं. नवरीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, अजून आहेर सोडलेच नाही."

दुसऱ्या दिवशी अशाच एका घरातून निघताना नवरा मोटारसायकलला किक मारता मारता थांबला आणि माझ्याकडे पाहायला लागला.

"काय झालं?"

"काल परवापर्यंत लोक वाचत नाई म्हनून रडे तू. आता वाचलं नाई म्हनून हासून राह्यली."

खरं होतं. मी हसत होते. प्रत्येक न उघडलेलं पुस्तक पाहून माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. माझ्या गावानं माझी इतकी लाज राखली होती की कुणी दहावं पानही उलटलं नव्हतं. हे दुःखाचं असायला हवं, हे मला समजत होतं. पण त्या दोन दिवसांत मला ते दुःख झालंच नाही. नंतर कधीतरी होईल असं म्हणून ठेवून दिलं.

शनिवारी आम्ही मानोऱ्याकडे निघालो. नणंदेचं गाव पोहरादेवीच्या वाटेवर आहे. तिचे यजमान शेतकरी, कोरडवाहू जमीन आणि अलीकडे घेतलेल्या काही शेळ्या. आम्ही गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. नणंद पाणी घेऊन आली. मी विषय काढला.

"जवाईबुवा, ते पुस्तक जरा आणता का?"

ते आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. हातात घेताच मला ते हलकं वाटलं. उघडलं. स्टँडनंतर थेट शिलाई मशीन. मधे नुसते दोरे लोंबत होते.

"मधली पानं?"

"ते फाडली," ते शांतपणे म्हणाले.

"अवं माय!" नणंद ओरडली. "वहिनीचं पुस्तक फाडलं तुमी?"

"वहिनीचं कोठी फाडलं? शेळ्याचं फाडलं. वहिनीचं जसंच्या तसं हाय, पाह्य." ते माझ्याकडे वळले. "राग नोका मानू वहिनी. गोठ्यात लावले ते पानं. एक शेळी व्याची होती ना. तुमचं पाहूनच केलं सारं. दोन पिल्लं झाले, दोनी जगले."

मी गोठ्यात जाऊन पाहिलं. कुडाच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली ती पानं, काहींवर हळदीचे डाग. खाली दोन पिल्लं, एक काळं, एक पांढऱ्या कानाचं, आईला ढुशा देत होती. नवरा माझ्या मागे उभा राहून हसू दाबत होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं होतं मी चिडेन. पण त्या पिल्लांकडे पाहून चिडणं काही जमलं नाही.

मी जवाईबुवांना चांगली प्रत देऊ केली. त्यांनी घेतली, मधे उघडून बघितली आणि विचारलं, "याच्यात शेळ्या नाई?"

"नाही."

"मंग आधीचं बी राहू द्या," ते म्हणाले.

आता फक्त सर राहिले होते. मुद्दामच शेवटी ठेवले होते, कारण मला भीती वाटत होती. दुपारी आम्ही त्यांच्या घरी पोचलो. सर धोतर नेसून पडवीत बसले होते, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर माझं पुस्तक आणि हातात पेन्सिल. म्हणजे हा एक माणूस तरी खरोखर वाचत होता.

"या, या. बरं झालं आलात," सर म्हणाले. "मला तुमच्याशी बोलायचंच होतं. हे उद्या सभेत काढणं बरं दिसणार नाही."

संपलं, मला वाटलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी पुस्तक माझ्यापुढे केलं.

पान भरून पेन्सिलीच्या खुणा. ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ. 'आणि'ची वेलांटी. 'पाणी'ची वेलांटी. अनुस्वार राहिलेला, अनुस्वार फुकट दिलेला. मी पुढची पानं उलटत गेले. स्टँड आला. मी शेजारच्या उजव्या पानाकडे पाहिलं.

भावजय होती. दाराशी उभी, हातात कंदील, आणि तिच्या नावाच्या वेलांटीला सरांनी पेन्सिलीनं गोल केला होता.

मला इतकं मोकळं वाटलं की मी सरांसमोर मोठ्यानं हसले. "खूप चुका आहेत सर," मी म्हणाले.

"आहेत," सर म्हणाले. त्यांना माझं हसणं समजलं नाही, पण बरं वाटलं असावं. "लेखक सहसा रागावतात. तुम्ही खेळीमेळीनं घेताय, चांगली गोष्ट आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा."

पुढची आवृत्ती! नवरा तिथेच खोकला.

रविवारचा कार्यक्रम नीट पार पडला. पंचवीस-तीस माणसं होती, पंखे चालू होते. सर वेलांट्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते नायिकेबद्दल बोलले, तिनं कुणाकडे दया मागितली नाही याबद्दल, आणि मधेच एकदा थांबून त्यांनी चष्मा पुसला. घरी येताना मोटारसायकलवर मी नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले होते. सगळ्या खराब प्रतींचा हिशेब लागला, असं मी समजत होते.

सोमवारी लॅबला जाताना बाजारातून चालले होते, तर बांगड्यांच्या दुकानातून हाक आली.

"ओ ताई! ओ रक्तवाले ताई! इकडे या आधी."

ते दुकान एका मुस्लिम बाईचं आहे. सगळे तिला आपा म्हणतात, मीही म्हणते. वयानं माझ्याहून थोडी मोठी. नवरा गेल्यापासून दुकान तीच सांभाळते. दर तीन महिन्यांनी ती साखर तपासायला लॅबमध्ये येते, आणि तेव्हाच कधीतरी माझं लक्ष दुसरीकडे असताना तिनं काउंटरवरून माझं पुस्तक उचललं होतं आणि त्याचे पैसे टेबलावर ठेवून निघून गेली होती. मी तिथे दुसरी प्रत ठेवली, पण पहिली कुणी नेली ते कुणाला विचारलंही नव्हतं. वाटलेल्या प्रतींच्या मागे मी गावभर फिरले, आणि विकत नेलेली एकच होती, ती विसरले.

"आपा, काय झालं?"

"काय झालं म्हून इचारता? आठ दिवस झाले, मी तुमची वाट पाहून राह्यली." तिनं गल्ल्याशेजारचं पुस्तक कोपरानं माझ्याकडे सरकवलं. मधे बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा खूण म्हणून घातला होता. "हे बकऱ्या कोठून आल्या याच्यात? ते बाई पोरीले घेऊन स्टँडवर उभी हाय, आन् एकदम बकऱ्या! मी म्हनलं, छापणाऱ्याची गलती असन. पर मले सांगा, ते माहेरी पोचली का नाई? भावजयीनं दार उघडलं का नाई?"

तीन दिवस मी घरोघर फिरले होते, आणि ही इथे बाजारात बसून वाट पाहत होती.

"तिसऱ्यांदा वाचली मी," आपा म्हणाली. "पुढचं सारं वाचलं, मशीनचं, पोरीच्या शाळेचं. पर ते मधलं नाई समजलं तं पुढचं कसं लागन? कधी वाटते उघडलं असन. कधी वाटते नसन उघडलं, म्हून तं बिचारी भाड्याच्या खोलीत गेली. रात्री झोप नाई येत मले. बोला ना!"

माझ्या पिशवीत चांगली प्रत होती, कुणी भेटलं तर असू द्यावी म्हणून. मी ती काढून तिच्यापुढे धरली. आपानं हात वर केले. तिच्यासमोर एक बाई बसली होती, बांगड्या भरायला आलेली, आणि आपाच्या दोन्ही हातांना साबणाचं पाणी लागलं होतं.

"माह्ये हात पाह्यले? तुमीच वाचा. बसा त्या स्टुलावर. मंग जा लॅबमधी, कोनाचं रक्त कोठी पळून नाई जात."

मी बसले. आपलंच लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं मला कधी जमलं नव्हतं, प्रकाशनाच्या दिवशीही मी नको म्हटलं होतं. पण त्या दिवशी वाचलं. बाजारातून हातगाड्या जात होत्या, पलीकडच्या दुकानात कुणीतरी कुकराची शिट्टी बदलायला घासाघीस करत होतं. मी स्टँडपासून सुरू केलं. शेवटची गाडी, खिडकीशी झोपलेली पोर, माहेरच्या गावचा फाटा. आपा बाईच्या हाताची बोटं दाबून एकेक बांगडी वर सरकवत होती, पण नजर माझ्याकडे होती. भावजय कंदील घेऊन दाराशी आली तेव्हा तिचे हात थांबले. भावजयीनं दार उघडलं. पोरीला आत घेतलं, भाकर वाढली. भाऊ मात्र आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. पहाटे जाताना भावजयीनं आपलं शिलाई मशीन दिलं, आणि भावाला सांगू नको म्हणाली.

मी वाचायची थांबले.

आपानं हातातली बांगडी परत खाली ठेवली. मग म्हणाली, "तं ते मशीन भावजयीचं व्हय." आणि मान हलवली. "मले वाटे तिनं घेतलं असन कोठून. भावजयीचं व्हय!" ती स्वतःशीच एक-दोनदा तसंच म्हणाली. डोळे पुसावे असं तिला वाटलं असणार, पण हातांना साबण होता, म्हणून तिनं खांद्याला डोळे पुसले.

बांगड्या भरायला आलेली बाई खेड्यावरची होती, बाजाराला आलेली. तिचा हात अजून आपाच्या हातात होता, अर्ध्या बांगड्या चढलेल्या. ती माझ्याकडे वळली.

"मंग? पुढे काय झालं वं तिचं?"

मी पान उलटायला लागले, तर आपानं मला अडवलं.

"तुमी नोका वाचू. तुमाले उशीर होऊन राह्यला. पुढचं मी सांगतो तिले, मले सारं पाठ हाय." आणि तिनं पुढची बांगडी उचलली आणि सांगायला लागली. ती खोली कशी होती, मशीन कुठे ठेवलं, पोर शाळेतून आली की काय म्हणायची. काही माझ्या पुस्तकातलं होतं, काही आपाचं स्वतःचं होतं. घरमालकिणीला मी कजाग लिहिलं होतं, आपानं तिला चांगली करून टाकलं. मधेच ती थांबून मला विचारायची, "असंच हाय ना?" आणि मी म्हणायचे, "असंच आहे."

लॅबमधून फोन वाजत होता. मी तो पालथा करून मांडीवर ठेवला आणि स्टुलावर बसून पुढचं ऐकत राहिले.